लग्नातला फोटोग्राफर

लग्नघरात सर्वांत अधिक हाका कुणाच्या नावाने मारल्या जातात, असे विचारले तर पूर्वी उत्तर सोपे होते. मुलीच्या मामाच्या, नाही तर आचाऱ्याच्या. आज तो मान फोटोग्राफरकडे गेला आहे. "फोटोग्राफर कुठं गेला?" हा प्रश्न हळदीपासून वरातीपर्यंत निदान वीस वेळा तरी कानावर येतो. आणि गंमत अशी, की एवढ्या हाका ज्याला पडतात त्याचे नाव मांडवात सहसा कुणाला ठाऊक नसते. भटजींना गुरुजी म्हणतात, बँडवाल्याला मास्तर म्हणतात; हा मात्र नुसता फोटोग्राफर.

या माणसाच्या धंद्याविषयी आज थोडे बोलायचे आहे. कॉलेजात शिकवणाऱ्याने हा विषय का घ्यावा, असे कुणी म्हणेल. त्याचे कारण असे, की दरवर्षी पदवी घेतलेली दोन-चार मुले, आणि आता मुलीही, माझ्याकडे येतात आणि म्हणतात, "सर, नोकरीच्या मागे न लागता लग्नाचे फोटो काढायचं ठरवलंय. घरी नको म्हणतात. तुम्ही सांगून बघा ना." मग चार दिवसांनी त्यांचे वडील येतात. वडिलांचा प्रश्न एकच असतो : "यात जन्म निघेल का?" मुलाचा प्रश्न निराळा असतो, तो उघड विचारीत नाही, पण त्याच्या मनात असतो : "यात माझं मन रमेल का?" हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि माझ्या मते दोघांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे, की हा धंदा वाटतो तितका नवा नाही. छायाचित्रणाची कला १८३९ साली जगापुढे आली आणि १८५४ साली मुंबईत छायाचित्रणाची संस्था स्थापनही झाली. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी दादासाहेब फाळक्यांनी गोध्र्याला फोटोग्राफीचेच दुकान मांडले होते. राजा दीनदयाळांनी १८९२ साली हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी निराळा स्टुडिओ उघडला आणि तो एका बाईंच्या हाती सोपवला. कारण पडद्यातल्या स्त्रिया परपुरुषापुढे बसणार कशा? म्हणजे घरातल्या बायकांचे फोटो बाईने काढावेत, ही आजची म्हणून सांगितली जाणारी सोयही सव्वाशे वर्षांहून जुनी आहे.

मात्र त्या काळी लग्नाचा फोटो म्हणजे बहुधा लग्नानंतरचा फोटो. जोडपे स्टुडिओत जायचे, रंगवलेल्या पडद्यापुढे नवरा खुर्चीवर बसायचा, नवरी शेजारी उभी राहायची, आणि दोघेही श्वास रोखून कॅमेऱ्याकडे बघायची. पुढे लहान कॅमेरे आले आणि फोटोग्राफर मांडवात आला. परंतु त्याच्या रोलमध्ये फोटो असत बारा. अनेक घरांतली लग्ने अशा एक-दोन रोलांत बसवलेली आहेत. फ्लॅशचा बल्ब एकदा पेटला की संपला. साहजिकच कोणता क्षण टिपायचा आणि कोणता सोडायचा, हे त्या माणसाला आधीच ठरवावे लागे. नंतर छत्तीस फोटोंचे रोल आले, रंग आले, व्हिडिओ आला. आणि या शतकाच्या आरंभी रोलच गेला. आता एका लग्नात दोन हजार फोटो सहज निघतात. पूर्वी फोटो काढण्यात हात आखडता घ्यावा लागे. आता काढलेल्या दोन हजारांतून चारशे निवडताना मन घट्ट करावे लागते. काटकसर गेली नाही, तिची जागा बदलली.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. लग्नाचे फोटो आणि इतर फोटो यांत फरक कोणता? डोंगर उद्याही तिथेच असतो. सिनेमातला प्रसंग मनासारखा वठला नाही तर पुन्हा घेता येतो. परंतु मंगलाष्टके संपतात, वाजंत्री कडकडते, अंतरपाट दूर होतो आणि समोरासमोर उभी असलेली ती दोघे एकमेकांकडे पाहतात, तो क्षण त्या घरात एकदाच येतो. पापणी लवण्याचा तो वेळ. त्या वेळी एखादे काका मोबाइल उंचावून मध्ये आले, बॅटरी संपली, अगर कॅमेरा भलत्या अंतरावर रोखलेला राहिला, तर पुढच्या सात जन्मांत तो फोटो मिळायचा नाही. ज्याला हे ओझे वाटते त्याने या वाटेला जाऊ नये. ज्याला हीच यातली गोडी वाटते, त्याने अवश्य जावे.

हा क्षण हाती लागतो तो केवळ महागड्या कॅमेऱ्याने नव्हे. पुढे काय होणार हे आधी ठाऊक असल्याने लागतो. मामा मुलीला बोहल्याकडे कोणत्या बाजूने आणणार, कानपिळीला नवरीचा भाऊ पुढे केव्हा सरसावणार, लाजाहोमाचा धूर कुठे वळणार, सूनमुख पाहताना सासूबाईंच्या हातात आरसा केव्हा येणार, हे ज्याला माहीत आहे तो दोन पावले आधीच जाऊन उभा राहतो. अक्षता हवेत गोठलेल्या दिसाव्यात तर सेकंदाच्या पाचशेव्या भागात फोटो घ्यावा लागतो. त्या रेघांसारख्या बरसताना दिसाव्यात तर वेग कमी करावा लागतो. हे तंत्र चार महिन्यांत शिकता येते. पण अक्षता टाकताना नवरीची आजी हात वर करील की नुसती डोळे टिपील, हे कळायला माणसे वाचावी लागतात. त्याला वर्षे लागतात.

बरे, लग्न म्हणजे एकाच तऱ्हेचे नव्हे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी त्या पद्धतीचे पहिले लग्न लागले. अशा लग्नात वधूवरांनी एकमेकांना दिलेले वचन हाच गाभा. बौद्ध लग्नात भगवान बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांपुढे त्रिशरण-पंचशील होते. तिथे होमाची वाट पाहणारा फोटोग्राफर हास्यास्पद ठरेल. निकाहाच्या वेळी पुष्कळ ठिकाणी वधू एकीकडे आणि वर दुसरीकडे बसलेला असतो. होकार दोन ठिकाणी दिला जातो, म्हणून फोटो काढणारी माणसेही दोन लागतात आणि वधूकडे बाईच असलेली बरी. वसईच्या किंवा गोव्याच्या चर्चमध्ये वेदीच्या किती जवळ जायचे, फ्लॅश केव्हा मिटायचा, हे आदल्या दिवशी फादरना विचारून घ्यावे. ज्या घरी जायचे त्या घरची रीत आधी समजून घेणे हा शिष्टाचार तर आहेच, पण धंद्याचे निम्मे शिक्षणही तेच आहे.

इथे एक नाजूक गोष्ट सांगितली पाहिजे. हल्ली काही मांडवांत असे दृश्य दिसते, की कन्यादानाचे पाणी हातावर पडणार एवढ्यात आवाज येतो, "गुरुजी, एक मिनिट! परत एकदा." गुरुजी थांबतात, बाप थांबतो, हातातली झारी थांबते. दुसऱ्यांदा पाणी पडते तेव्हा बापाच्या चेहऱ्यावर मघाचे काही नसते. तो आता कॅमेऱ्याकडे बघत असतो. फोटो स्वच्छ येतो, पण ज्याचा फोटो काढायचा होता ते निघून गेलेले असते. विधी फोटोसाठी नाही, फोटो विधीसाठी आहे, ही खूणगाठ ज्याने बांधली त्याला लोक पुन्हा बोलावतात. याचा अर्थ सारेच आपोआप घडू द्यावे असा नव्हे. कुटुंबाचे फोटो मांडूनच काढावे लागतात आणि तिथे आवाज चढवायलाही हरकत नाही. लग्नाआधी बागेत नाही तर समुद्रकिनारी फोटो काढून घेण्याची जी नवी हौस आहे, तीही वाईट म्हणता येत नाही. दोघांची कॅमेऱ्याशी ओळख होते आणि बोहल्यावरचा अवघडलेपणा जातो. फक्त कुठे सांगायचे आणि कुठे गप्प उभे राहायचे, एवढा विवेक हवा. माणसांना न कळत त्यांचे सहज फोटो काढणे ज्याला आजची मुले 'कँडिड' म्हणतात, ते तरी नवे कुठे आहे? फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ छोटा कॅमेरा हातात घेऊन हेच करीत हिंडले, आणि नेमक्या क्षणाचे महत्त्व सांगणारे त्यांचे पुस्तक १९५२ सालचे आहे.

आमच्या गावात एक वयस्क फोटोग्राफर आहेत. त्यांचे नाव सांगत नाही, त्यांना ते आवडायचे नाही. त्यांच्याकडे जुन्या निगेटिव्ह पाकिटांत घालून, वर तारीख आणि आडनाव लिहून, पत्र्याच्या डब्यांत लावून ठेवलेल्या आहेत. ते मला एकदा म्हणाले, "लग्न झालं की लोक नवरा-नवरीचे फोटो मागतात. वीस वर्षांनी येतात ते बाकीच्यांचे मागायला." त्याचा अर्थ त्यांनीच सांगितला. एक बाई त्यांच्याकडे आल्या होत्या. वडील वारले होते आणि भिंतीवर लावायला चांगला फोटो नव्हता. लग्नाचा आल्बम होता, पण त्यात वडील कुठेच नीट नव्हते. मुलीचा बाप तो, दिवसभर धावपळीत. डबा काढला, निगेटिव्ह उजेडात धरल्या. आल्बममध्ये न घातलेल्या एका फोटोत वडील सापडले : मुदपाकखान्याच्या दारात, खांद्यावर उपरणे, हातात पत्रावळींचा गठ्ठा, आणि कुणाला तरी काही सांगता सांगता हसताहेत. त्या बाई तो फोटो हातात घेऊन बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

हा प्रसंग मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो, कारण या धंद्याचे मर्म त्यात आहे. नवरा-नवरीचे फोटो कुणीही काढील. आज तर मांडवातल्या प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे. पण एकटी बसलेली आजी, पंगतीत आग्रह करणारे काका, रुखवत मांडताना भांडणाऱ्या मावश्या, पाठवणीच्या वेळी खांबाआड उभा राहिलेला भाऊ, यांच्याकडे त्या दिवशी कुणाचे लक्ष नसते. तिथे लक्ष असणे हेच फोटोग्राफरचे काम. त्याला पैसे उत्सवाचे मिळतात, पण तो राखत असतो त्या आठवणी.

आता वडिलांच्या प्रश्नाकडे वळू. जन्म निघेल का? हिशेबाने वागले तर निघेल. हा धंदा पंचांगावर चालतो. तुळशीची लग्ने लागली की मुहूर्त सुरू होतात आणि आषाढी एकादशीला चातुर्मास बसला की मंदी येते. काढीव मुहूर्त निघतात, पण त्यांच्यावर घर चालत नाही. तेव्हा उत्पन्न सात-आठ महिन्यांचे आणि खर्च बारा महिन्यांचा, हे पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावे.

एक उदाहरण घेऊ. समजा, वर्षाला ४० दिवस लग्नाचे काम मिळाले. दर दिवसामागे फोटो निवडणे, सुधारणे, आल्बम लावणे यांत आणखी तीन दिवस जातात. म्हणजे ४० दिवसांचे काम वस्तुतः १६० दिवसांचे झाले. समजा, कॅमेरे, भिंगे, फ्लॅश आणि संगणक मिळून ५ लाख रुपये गुंतवले आणि ही सामग्री ५ वर्षे टिकली. वर्षाला १ लाख, म्हणजे दर दिवशी २,५०० रुपये नुसते सामग्रीच्या झिजेचे. त्यावर सोबत्याची मजुरी, प्रवास, आल्बमची छपाई. हा हिशेब न मांडता शेजारच्यापेक्षा दोन हजार कमी सांगून काम घेणारे कैक तरुण तिसऱ्या वर्षी कॅमेरा विकायला काढतात. स्वस्तात काम केल्याने गिऱ्हाईक मिळते, धंदा मिळत नाही.

दुसरी गोष्ट लेखी कराराची. आपल्याकडे लग्नाच्या बोलण्यात कागद काढला की माणसाला अवघडल्यासारखे होते. परंतु किती तास, किती माणसे, किती फोटो, आल्बम केव्हा आणि पैसे कोणत्या टप्प्याने, हे एका पानावर लिहून दोघांनी सही केली की पुढचे पुष्कळ वाद मिटतात. २०२० साली करोनाच्या साथीत मांडव ओस पडले. नंतर परवानगी मिळाली ती ५० माणसांची. वैशाखाचा अख्खा हंगाम बुडाला. घेतलेल्या आगाऊ रकमेचे काय करायचे, यावरून त्या वर्षी ज्यांच्याकडे कागद नव्हता त्यांना फार मनस्ताप झाला. तसेच कायद्याचेही थोडे ज्ञान असावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणारा असतो. म्हणून कुणाच्या मुलीचा फोटो आपल्या जाहिरातीत किंवा इंटरनेटवर घालण्यापूर्वी परवानगी घ्यावी, आणि ती लेखी घ्यावी. कायद्याचे सोडा, ज्या घरचे मीठ खाल्ले त्या घराला विचारणे ही साधी रीत आहे.

तिसरी गोष्ट जपणुकीची. निगेटिव्ह डब्यात राहत होती. आजचा फोटो एका नखाएवढ्या कार्डावर असतो आणि ते कार्ड बिघडले की लग्न गेले. कॅमेरा असा घ्यावा की ज्यात एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो उतरतो. दुसरा कॅमेरा जवळ असावाच. घरी आल्यावर, कितीही रात्र झाली तरी, फोटोंच्या तीन प्रती कराव्यात, त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवाव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी असावी. झोपण्याआधी हे काम न करणाऱ्याने दुसऱ्याची अमानत उशाशी उघडी टाकली, असे मी म्हणेन.

एवढे सांभाळले की मग या धंद्याचा खरा लाभ दिसू लागतो. ज्या घरचे लग्न तुम्ही नीट केलेत, त्या घरी तुम्हाला पुढे डोहाळजेवणाला बोलावतात, बारशाला बोलावतात, मुंजीला, वास्तुशांतीला, आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाला बोलावतात. पाच-पन्नास घरे अशी जोडली गेली की चातुर्मासातही चूल पेटती राहते. पूर्वी घराचा वैद्य असे, घराचा सोनार असे. तसा घराचा फोटोग्राफर होता येते. तिथे मग दराची घासाघीस होत नाही, आणि नावानिशी हाक मारली जाते.

शिकायचे कोठे, असेही विचारतात. वर्ग आहेत, पुस्तके आहेत, इंटरनेटवर धडेही आहेत; ते सारे उपयोगी आहे. पण निदान दोन हंगाम एखाद्या जाणत्या माणसाबरोबर पिशव्या उचलून, दिवे धरून काढावेत. बारा-चौदा तास उभे राहणे, जेवण चुकणे, पाठ धरणे आणि तरीही रात्री अकराला वरातीत चेहरा हसरा ठेवणे, हे कुठल्या वर्गात शिकवीत नाहीत. मुलींच्या आईवडिलांना रात्रीबेरात्रीच्या कामाची काळजी वाटते आणि ती खोटी नाही. येण्याजाण्याची सोय करारातच लिहून घ्यावी. परंतु नवरीच्या खोलीत हातांवरची मेंदी, गौरीहरापुढचे तिचे एकटेपण, आईने पदर सारखा करता करता पुसलेले डोळे, हे टिपायला जी सहज जाऊ शकते ती मुलगीच. दीनदयाळांनी जे ओळखले ते आज प्रत्येक गावात खरे आहे.

आणि मन रमेल का? पुष्कळांचे पहिली पाच वर्षे रमते आणि मग सारी लग्ने सारखीच वाटू लागतात. तेच हार, तेच व्यासपीठ, तेच चमचमणारे दिवे. ज्याची नजर हारांवर आणि दिव्यांवर असते त्याला कंटाळा येणारच. ज्याची नजर माणसांवर असते त्याला तो येत नाही. कारण मुलीचा हात दुसऱ्याच्या हाती देताना प्रत्येक बापाचा चेहरा निराळा असतो.

तेव्हा मुलाने हातात कॅमेरा घेतला म्हणून वडिलांनी कपाळाला हात लावू नये. त्याला दोन प्रश्न विचारावेत. वही लिहितोस का? आणि आपल्या आजीचा चांगला फोटो तू काढला आहेस का? दोन्हींचे उत्तर 'हो' आले, तर त्याला खुशाल जाऊ द्यावे. येता हंगाम तुळशीच्या लग्नापासून सुरू होईल. तोवर एखाद्या जाणत्याच्या हाताखाली दिवा धरायला लागायला हरकत नाही. एवढे सांगून आपली रजा घेतो.